वाचकांचे प्रश्न : लघवीची तक्रार विचारावी कशी, सांगावी कशी

लघवीच्या तक्रारींबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी भागांतून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. लिहिणाऱ्यांत आशा कार्यकर्त्या आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले डॉक्टर आहेत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात घेऊन जाणारी मुले-सुनाही आहेत. हातात रिपोर्टांची पिशवी असूनही दुखणे कळत नाही, ही बहुतेकांची अडचण. लघवीच्या आजारात निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या सांगण्यातच असतो. सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी त्या सांगण्याला दुजोरा देतात किंवा ते खोडून काढतात. सांगणेच अर्धे असेल तर रिपोर्ट कशाशी ताडून बघायचा?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. बायका "उन्हाळी लागलीय" एवढेच सांगतात. त्यापुढे काय विचारू? कोणाला लगेच दवाखान्यात पाठवू?

ताई, "उन्हाळी" म्हणताना कोणी जळजळ सांगत असते, कोणी वरचेवर लागणे, कोणी थेंब थेंब होणे, तर कोणी नुसती पिवळीजर्द लघवी. म्हणून पहिला प्रश्न मोकळा ठेवा : "लघवीला बसल्यावर नेमकं काय होतं, ते सांगा बघू." आणि मग थोडा वेळ गप्प बसा. मधे बोललात की बाई तुमच्याच शब्दांना हो म्हणते आणि तिचे स्वतःचे सांगणे राहून जाते.

नंतर जळजळीची जागा आणि वेळ विचारा. धार चालू असताना आत आग होत असेल तर मूत्रमार्ग किंवा मूत्राशयाकडे संशय जातो. लघवी बाहेरच्या कातडीला लागली की झोंबते, असे सांगितले तर खाज आणि अंगावरून पांढरे जाणे आहे का ते विचारा, कारण तिथे बहुतेक वेळा योनीचा दाह किंवा बुरशी असते आणि लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्यांनी ती बरी होत नाही. उलट त्या गोळ्यांनी बुरशी वाढते. लघवी संपताना ओटीपोटात कळ येत असेल तर मूत्राशयाला सूज असू शकते. जळजळ नव्याने सुरू झालेली, वरचेवर लागते, पण खाज नाही आणि पांढरे जात नाही, हे सगळे जुळून आले की जंतुसंसर्गाची शक्यता खूपच वाढते.

"दिवसातून किती वेळा?" याला उत्तर मिळते, "लई वेळा." त्याऐवजी "सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत किती वेळा गेलात?" असे विचारा. आकडा लगेच येतो. जागेपणी सात-आठ वेळा जाणे बेताचे पाणी पिणाऱ्या माणसाला साधारण आहे. त्याच्याच जोडीला दर वेळी भरपूर होते की चार चमचे, हेही विचारा. वरचेवर आणि भरपूर होत असेल तर साखरेचा विचार करा : तहान फार लागते का, वजन उतरले का, रात्रीही उठावे लागते का. वरचेवर आणि जराशी होत असेल तर मूत्राशय चिडलेले आहे किंवा नीट रिकामे होत नाही.

पाण्याबद्दल विचारताना "पाणी कमी पिता का?" एवढ्यावर थांबू नका, का कमी पिता ते विचारा. शेतात आडोसा नाही, एसटी स्टँडवरच्या संडासात जावेसे वाटत नाही, बिडीच्या कामावरून उठले की पाने मागे राहतात, म्हणून सकाळपासून घोटभरच पाणी पिणाऱ्या आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघर आहेत. हे कारण कळले नाही तर तुमचा "पाणी प्या" हा सल्ला वाया जातो. नुसत्या पाण्याच्या कमतरतेने होणारी जळजळ ताप नसताना येते, लघवी गडद आणि थोडी होते, आणि दिवसभर व्यवस्थित पाणी प्यायल्यावर संध्याकाळपर्यंत उतरते. तशी उतरली नाही तर धणे-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढू देऊ नका.

मागचा इतिहास विचारताना सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा त्रास झाला का ते बघा. झाला असेल तर लघवीचे कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) हवे. मेडिकलमधून आणलेल्या किंवा शेजारणीने दिलेल्या दोन-चार गोळ्या खाल्ल्या का, हे दोष न देता विचारा. अँटिबायोटिकच्या दोन गोळ्यांनीही कल्चरमध्ये अनेकदा जंतू उगवत नाहीत, आणि मग "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून सगळेच फसतात. पाळी कधी आली होती, दिवस गेले आहेत का, मधुमेह, मुतखडा, अलीकडे लघवीची नळी घातली होती का, हेही विचारून घ्या. लग्न नुकते झाले असेल तर शरीरसंबंधानंतर त्रास सुरू होतो का, हा प्रश्न टाळू नका. मात्र सासूसमोर विचारू नका. वजन करायला किंवा लघवीचा नमुना घ्यायला म्हणून बाजूला न्या आणि तिथे विचारा.

लगेच पाठवायच्या रुग्णांत पहिली गरोदर बाई. तिला काही त्रास नसला तरी लघवीत जंतू सापडले तर औषध द्यावेच लागते, कारण गरोदरपणात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढायला वेळ लागत नाही आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोका असतो. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त, लघवी अजिबात न होणे, यातले एकही असेल तर उद्यावर ढकलू नका. पुरुष, लहान मूल आणि मधुमेही यांना जळजळ असेल तर साधी उन्हाळी समजू नका.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास विचारायची राहते. महिना-दोन महिने जळजळ आणि वरचेवर लागणे चालू आहे, गोळ्यांचे दोन-तीन कोर्स झाले, लघवीत पू-पेशी दिसतात पण कल्चर कोरे येते, असे असेल तर घरात कोणाला टीबी झाला होता का, संध्याकाळी कसकस येते का, वजन घटले का, हे विचारा. मूत्रमार्गाचा क्षय असाच लपून राहतो आणि त्यासाठी लघवीची वेगळी तपासणी मागवावी लागते.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे आहेत, आम्ही निपाणीजवळ राहतो. रात्री चार-पाच वेळा उठतात. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) गोळ्या सुरू होऊन सहा महिने झाले, फरक नाही. डॉक्टरांना आणखी काय सांगायला हवे?

डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा तीन दिवसांची लघवीची नोंदवही करून न्या. वाटेल साधी गोष्ट, पण रात्रीच्या उठण्याचे कारण शोधायला यासारखा दुसरा उपाय नाही.

बाजारात मापाच्या खुणा असलेला एक लिटरचा प्लास्टिकचा मग मिळतो, तो संडासात ठेवा. वहीच्या पानावर चार रकाने आखा : वेळ, लघवी किती मिलिलिटर, काय आणि किती प्यायले, आणि शेवटी काही विशेष (घाई झाली, कपड्यात झाली, जोर लावावा लागला). झोपायला गेल्याची आणि सकाळी उठल्याची वेळ ठळक लिहा. तीन दिवस लागोपाठचे नसले तरी चालतात, पण त्यातला एक तरी दिवस रोजच्या कामाचा असावा. चहाचा प्रत्येक कप लिहा. पाहुणे आले म्हणून घेतलेला अर्धा कपही.

आता हिशेब. समजा वडील रात्री 11 ला झोपले. 1 वाजता 200 मिलि, 3 वाजता 180, साडेचारला 170 आणि सकाळी सव्वासहाला उठल्यावर 250 झाली. सकाळची ही पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरायची, कारण ती रात्री तयार झालेली असते. रात्रीचे मिळून 800 झाले. चोवीस तासांची एकूण लघवी 1700 असेल तर रात्रीचा वाटा 47 टक्के. पासष्टीच्या पुढे हा वाटा साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर मूळ अडचण रात्री लघवी जास्त तयार होण्याची आहे. प्रोस्टेटची गोळी धार मोकळी करते, लघवी तयार होणे थांबवत नाही. सहा महिन्यांत फरक न पडण्यामागे हे एक मोठे कारण असू शकते.

असे निघाले तर पुढचे प्रश्न वेगळ्या दिशेने जातात. संध्याकाळी पायाला सूज येते का, घोट्याजवळ बोटाने दाबल्यावर खळी राहते का? दिवसभर पायात साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि लघवीवाटे बाहेर पडते. रक्तदाबाची अम्लोडिपीन ही गोळी काही जणांना पायाची सूज आणते. लघवी वाढवणारी गोळी ते संध्याकाळी घेतात का? मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यानेही लघवी वाढते. घोरतात का, झोपेत श्वास मधेच अडकतो का, दिवसा बसल्या-बसल्या डुलक्या लागतात का? हे आईंना विचारा. वडिलांना स्वतःचे घोरणे माहीत नसते. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातही रात्री लघवी वाढते, आणि तो सापडला तर रात्रीचे उठणे त्या उपचारांनी कमी होऊ शकते. धाप लागते का, रात्री उशा वाढवून झोपावे लागते का, हेही सांगा, कारण हृदयाची तक्रार अशीच पुढे येते.

नोंदवहीत उलटे चित्र दिसले, म्हणजे रात्री पाचदा उठतात पण दर वेळी 60-80 मिलिच होते, तर मूत्राशय साठवत नाही किंवा अर्धवटच रिकामे होते आहे. तेव्हा लघवी केल्यानंतर आत किती उरते हे सोनोग्राफीत बघायला सांगावे. आणि चोवीस तासांची लघवी तीन लिटरच्या वर गेली तर आधी साखर तपासा.

झोपेआधी दोन-तीन तास पाणी-चहा कमी करणे आणि दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडणे हे आजच सुरू करता येईल. गोळ्यांची वेळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, आणि रक्तदाबाची गोळी परस्पर बंद तर मुळीच करू नका. एक गोष्ट नक्की विचारा : रात्री उठताना ते कधी पडले का? या वयात अंधारात पडून खुब्याचे हाड मोडणे हे लघवीच्या तक्रारीपेक्षा जास्त घातक ठरते.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. पुरुष रुग्ण "धार बारीक झाली" म्हणून येतात. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते. कमी वेळात कोणते प्रश्न सोडू नयेत?

साठवण्याच्या तक्रारी आणि रिकामे करण्याच्या तक्रारी मनात वेगळ्या ठेवा. घाई, वरचेवर लागणे, रात्री उठणे, वाटेतच होणे या पहिल्या गटात. सुरू व्हायला वेळ लागणे, बारीक धार, तुटक धार, कुंथावे लागणे, आत राहिल्यासारखे वाटणे या दुसऱ्या गटात. रुग्ण दोन्ही मिसळून सांगतो, वेगळे तुम्हाला करायचे आहे.

आंतरराष्ट्रीय प्रोस्टेट गुणांकन मराठीत छापून फळीला लावून ठेवा. त्यात मागच्या महिन्याबद्दल सात प्रश्न आहेत : आत राहिल्यासारखे वाटते का, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का, धार तुटते का, लघवी धरवत नाही असे होते का, धार कमजोर आहे का, सुरू करायला जोर लावावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35. सातपर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 पासून पुढे तीव्र. आठवा प्रश्न वेगळा धरतात : "आयुष्यभर असंच चालणार असेल तर कसं वाटेल?" आमच्या मते उपचार ठरवताना हाच प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. 18 गुण असूनही "मला काही अडचण नाही" म्हणणारे काका असतात आणि 9 गुणांवर रात्रपाळीच्या कामावर जाता येत नाही म्हणून रडकुंडीला आलेला माणूसही असतो. वाचता न येणाऱ्याला प्रश्न तुम्ही किंवा नर्सबाईंनी वाचून दाखवावेत. सोबत आलेल्या मुलाने अंदाजाने भरलेले गुण धरू नयेत.

गुणांकनाने आजाराची तीव्रता कळते, कारण कळत नाही. पस्तिशीतल्या माणसाची धार बारीक असेल तर प्रोस्टेट बाजूला ठेवा आणि मूत्रमार्ग अरुंद झाला आहे का त्याकडे वळा. पूर्वी नळी घातली होती का, सायकलच्या दांड्यावर किंवा बैलगाडीच्या जुवावर दोन पायांमधे मार लागला होता का, लघवीच्या जागेतून पू गेला होता का, धार फाटून दोन बाजूंना जाते का? हे विचारायला दोन मिनिटे लागतात आणि वर्षभराच्या चुकीच्या गोळ्या वाचतात.

औषधांची चौकशी "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" एवढ्याने पुरी होत नाही. सर्दीची गोळी, खोकल्याचे औषध, पोटदुखीची गोळी, झोपेची गोळी, असे नाव घेऊन विचारा. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असलेल्या सर्दीच्या गोळीने आधीच प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी एका रात्रीत तुंबू शकते. लघवी तुंबून ओटीपोट फुगले आणि माणूस तळमळत असेल तर ते बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसवण्याचे दुखणे नाही. पण मधुमेही किंवा खूप जुना त्रास असलेल्या माणसाचे मूत्राशय दुखल्याशिवायही काठोकाठ भरलेले असते आणि थेंब थेंब गळत राहते. "लघवी सारखी होते" म्हणणाऱ्या अशा माणसाच्या ओटीपोटाला हात लावल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका.

आणि शेवटचे, पण कधीही न सोडायचे : कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली असेल तर बसायची जागा बधिर वाटते का, पायातली ताकद गेली का, संडासवरचा ताबा गेला का. उत्तर हो असेल तर मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात रवाना करा.

प्रश्न : आई 54 वर्षांची आहे. खोकली की कपड्यात लघवी होते असे मला वाटते, पण ती बोलत नाही. लग्नाकार्याला जायचे सोडले आहे. तिला कसे विचारू?

"तुला लघवी गळते का?" असे थेट विचारले तर आई नाही म्हणेल. "बाळंतपणं झालेल्या बऱ्याच बायकांना शिंकताना, घागर उचलताना थोडी लघवी सुटते, तुला होतं का कधी?" असे विचारा. चारचौघींना होते हे कळले की बोलणे सोपे जाते. तरी नाहीच म्हणाली तर कपडा किंवा पॅड दिवसातून किती वेळा बदलावा लागतो, एवढेच विचारा.

ती बोलायला लागली की गळण्याचा प्रकार ओळखा. खोकताना, शिंकताना, जड उचलताना, हसताना चटकन थोडी सुटते आणि आधी लागल्याची जाणीव नसते, तो एक प्रकार. एकाएकी अशी लागते की मोरीपर्यंत पोचेपर्यंत होऊन जाते, नळाचा आवाज ऐकला की लागते, तो दुसरा. अनेकींना दोन्ही असतात. तेव्हा जास्त त्रास कशाचा, ते विचारायचे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उपचार वेगळे. पहिल्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम, एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीन वेळा, आणि कमीत कमी तीन महिने. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडला तर तो केलाच नाही असे समजा. दुसऱ्यात लघवीला जाण्याची वेळ हळूहळू लांबवत नेण्याचा सराव आणि गरज पडली तर गोळ्या.

तिसरा प्रकार अगदी वेगळा : दिवस-रात्र, बसले-झोपले तरी सतत ओले. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भाशयाची पिशवी काढल्यानंतर हे सुरू झाले असेल तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडले असण्याची शक्यता असते आणि व्यायामाने ते भरत नाही. म्हणून ऑपरेशन झाले होते का आणि गळणे त्याच्या आधीचे की नंतरचे, हे नक्की विचारा.

बाळंतपणे किती, अंग बाहेर येते का, लघवी करताना ते आत ढकलावे लागते का, संडासला कडक होते का, पाळी कधी गेली, जुना खोकला आहे का, हेही डॉक्टरांना सांगायचे असते. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत, धुळीत काम केलेल्या बायकांचा खोकला वर्षानुवर्षे चालतो. तो थांबल्याशिवाय गळणे थांबत नाही.

प्रश्न : काकांना लघवीतून एकदा लालभडक रक्त गेले. दुखले नाही. दोन दिवसांत आपोआप थांबले. आता तपासणीची गरज आहे का?

आहे, आणि ती लवकर करायला हवी. न दुखता रक्त जाणे आणि आपोआप थांबणे, मूत्राशयाच्या कर्करोगात असेच होते. थांबल्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि काही महिने निघून जातात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एकदा जरी डोळ्यांना दिसेल असे रक्त गेले तरी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने मूत्राशय बघण्याबद्दल विचारावे.

डॉक्टरांना सांगायला हे आठवून ठेवा. रक्त धारेच्या सुरुवातीला होते, पूर्ण धारेत होते की शेवटी? सुरुवातीचे रक्त बहुधा मूत्रमार्गातून येते, शेवटचे मूत्राशयाच्या मुखाजवळून किंवा प्रोस्टेटमधून, आणि पूर्ण धारेतले मूत्राशयातून किंवा वरून मूत्रपिंडाकडून. गाठी पडल्या का? गांडुळासारख्या लांब गाठी मूत्रपिंडाकडून खाली येणाऱ्या नळीत घडतात. लघवी लाल होती की काळ्या चहासारखी? चहासारखी लघवी, चेहऱ्यावर सूज आणि आठ-पंधरा दिवसांपूर्वी घसा दुखलेला, असे असेल तर मूत्रपिंडाच्या गाळणीचा आजार तपासावा लागतो. बीटरूट खाल्ल्यावर किंवा टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी लाल-नारिंगी होते, तेही विचारा. पण बीट खाल्ले होते म्हणून तपासणी न करता प्रश्न मिटवू नका, लघवीत रक्तपेशी आहेत का ते बघितलेच पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी तोच नियम.

बिडी-सिगारेटचा हिशेब दिवसाला किती आणि किती वर्षे, असा आकड्यात सांगा. "आता सोडलीय" एवढे पुरत नाही, कधी सोडली तेही सांगा. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे टाळता येण्यासारखे कारण धूम्रपान आहे आणि सोडल्यानंतरही धोका काही वर्षे राहतो. कापडाच्या रंगाईत किंवा रसायनांत काम केले असेल तर तेही न विसरता सांगा.

प्रश्न : ऊसतोडीच्या हंगामात मुतखड्याचे रुग्ण वाढतात. काय विचारावे?

कळ कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवायला सांगा. बरगडीखालून निघून जांघेकडे, अंडाकडे किंवा योनीच्या ओठाकडे उतरणारी आणि माणसाला एका जागी बसू न देणारी कळ खड्याची. पोटात पू झालेला माणूस हलायलाच घाबरतो, हा फरक नुसत्या बघण्यानेही कळतो. खडा मूत्राशयाजवळ आला की वरचेवर लागते आणि टोकाशी दुखते, आणि ती उन्हाळी समजली जाते. खड्याबरोबर थंडी-ताप असेल, एकच मूत्रपिंड असेल किंवा लघवीच बंद झाली असेल तर रात्रीसुद्धा हलवा.

फडात किती तास, पाणी किती, घरात कोणाला खडा आहे का, पूर्वी पडला का, पडला तर तपासला का? कळ सुरू असताना लघवी फडक्यातून गाळायला सांगा आणि खडा सापडला तर डबीत ठेवायला सांगा. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने काय घेतले ते रागावून विचारू नका. न रागावता विचारले तर खरे उत्तर मिळते, आणि दुखणे दाबायला घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाही पत्ता लागतो. त्या गोळ्या उन्हात, पाणी कमी पडलेल्या अंगात मूत्रपिंडाला इजा करतात. खडा आहे म्हणून दूध बंद केलेले अनेक जण भेटतात. त्याची गरज नसते, मीठ कमी करणे आणि दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे जास्त उपयोगी.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलतात, आमच्या आज्जीला मराठीच येते. मागचे कागद मिरज आणि कोल्हापूरचे आहेत. काय करावे?

नात्यातल्या शाळकरी मुलीला दुभाषी करून नेऊ नका. आज्जी तिच्यासमोर गळण्याबद्दल, खाजेबद्दल बोलणार नाही. शक्यतो बाईमाणूस, मोठ्या वयाची आणि दोन्ही भाषा येणारी न्या. नर्स किंवा आशाताईंची मदत मागा. मूत्र आणि रक्त हे शब्द कन्नडमध्येही चालतात. जळजळीला "उरी", दुखण्याला "नोवु", थंडीला "चळी", खड्याला "कल्लु" म्हणतात. दुभाषाला आधी सांगून ठेवा की आज्जी बोलेल तेवढेच सांगायचे, "हिला इन्फेक्शन आहे" असा निकाल स्वतः द्यायचा नाही. मिरजेचे जुने कागद तारखेप्रमाणे लावा आणि वर एका पानावर लिहा : त्रास केव्हापासून, ऑपरेशने, चालू गोळ्यांची नावे, कोणत्या औषधाची ॲलर्जी. गोळ्यांची पाकिटेच पिशवीतून नेली तर आणखी चांगले.

प्रश्न : कल्चरसाठी लघवी घरून न्यावी की दवाखान्यात द्यावी?

जमेल तर दवाखान्यातच द्या. कणकुंबी-जांबोटी भागातून बेळगावला पोचेपर्यंत बाटलीतले जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा मोठा येतो. लॅबमधून मिळालेली निर्जंतुक बाटलीच वापरा, औषधाची धुतलेली बाटली नको. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. हात धुवा. बायकांनी साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन, ओठ बाजूला धरून बसावे. पुरुषांनी कातडी मागे ओढून धुवावे. सुरुवातीची लघवी सोडून द्या, मधल्या धारेत बाटली धरा, 20-30 मिलि पुरे, उरलेली पुन्हा सोडून द्या. झाकणाच्या आत बोट लावू नका. दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि चोवीस तासांच्या आत द्या. पाळी चालू असेल तर तसे चिठ्ठीवर लिहा. नळी घातलेल्या रुग्णाचा नमुना पिशवीतून कधीही काढू नका. पिशवीतली लघवी तासन्‌तास साचलेली असते, नमुना नळीच्या ठरलेल्या जागेतून नर्सने सिरिंजने काढायचा असतो.